तेरा नंबरची चादर

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तू सभागृहात बोललास हे मला पेपरातून कळलं, तुझ्याकडून नाही. फोटोत टेबल घट्ट धरून उभा आहेस, बसमध्ये दांडा धरून उभा राहायचास तसाच. सभासद झालास तरी कंडक्टरकी काही अंगातून जात नाही. आणि तो कोट कुणाचा रे? त्यात तुझ्यासारखे दोन मावतील.

आता कामाचं. ते कामगारांच्या पेन्शनचं विधेयक आलंय म्हणे. इथे दवाखान्याच्या लाँड्रीत सकाळपासून दुसरा विषय नाही. कायम कामगारांना पेन्शन मिळणार आणि आम्हा कंत्राटी बायकांना ठेंगा, असं मुकादमीण सांगते. दवाखाना तोच, बॉयलर तोच, चादरी त्याच. पण कंत्राटदार बदलला की आम्ही कागदावर नव्याने जन्माला येतो. माझी उभी हयात त्या इस्त्रीच्या रोलरसमोर गेली, आणि कागदावर मी गेल्याच वर्षी कामाला लागले आहे! तुमच्या बाजूने काहीतरी दुरुस्ती टाकलीय, कंत्राटींनाही धरा म्हणून, हे खरं का?

पुढच्या वर्षी मला साठ पूर्ण होतात. साठीनंतर कंत्राटदार एक दिवस ठेवत नाही. तुझ्याकडे हात पसरायचा नाही असं मी ठरवलेलं आहे, आणि तुझ्या बायकोनेही ठरवलेलं असणार. तेव्हा ही दुरुस्ती झाली तर माझं म्हातारपण माझं. नाही झाली तर तुमच्या माडीवरची खोली. तिथे बसून तुझ्या पोरांच्या शर्टांना इस्त्री करत मी मरायची नाही, आत्ताच सांगून ठेवते.

उत्तर लवकर पाठव. आणि कोट परत कर.

आक्का


१० फेब्रुवारी

प्रिय आक्का,

कोट मेव्हण्याचा आहे. बोलायचा नंबर अचानक लागला, धावपळीत तोच मिळाला.

तू विचारतेस ते खरं आहे. कंत्राटदार कितीही बदललेले असोत, कामगाराची मागची सगळी वर्षं धरावीत, अशी दुरुस्ती आम्ही दिली आहे. सरकारचं म्हणणं, तिजोरीला झेपणार नाही. पण सरकारच अगदी काठावर उभं आहे, त्यांच्यातलेही दोघं-तिघं आमच्याकडे कललेत. त्यामुळे छातीठोकपणे कुणीच काही सांगत नाही. दुरुस्तीवर मतदान मार्चच्या शेवटी. तू काळजी करू नकोस.

दुसरं असं, की आपल्याच जिल्ह्यातले एक सभासद तुमच्या दवाखान्यात येतील. सरकार पक्षाचे, म्हणजे माझ्या समोरच्या बाकावरचे. आभाळ असो नसो, छत्री घेऊन येतात आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवतात. सगळे त्यांना छत्रीवालेच म्हणतात. छातीचं दुखणं आहे. गेल्या आठवड्यात सभागृहाच्या जिन्यातच खाली बसले, मी नेमका मागे होतो. माणूस हेकट आहे, पण सरळ आहे. जमलं तर लक्ष ठेव.

माडीवरच्या खोलीचं बायकोला विचारलं. ती म्हणाली, तिथे सध्या सामान आहे.

तुझा,
धाकटा


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

सामान आहे म्हणे! बरं झालं, दोघींचं एकमत झालं.

तुझे छत्रीवाले आले. खोली नंबर तेरा. छत्री पलंगाच्या दांड्याला लटकवलेली. पहिल्याच दिवशी त्यांच्या चादरीवर शाई. दुसऱ्या दिवशी परत शाई. आमच्याकडे रक्त निघतं, औषध निघतं, फाउंटन पेनची शाई निघता निघत नाही. शेवटी धुतलेल्या चादरी वरच्या कपाटात लावायला गेले होते ती तशीच त्यांच्या खोलीत शिरले. म्हटलं, "लिहायचंच असेल तर कागदावर लिहा." सिस्टरने जीभ चावली. ते म्हणाले, "बाई, मी मंत्र्यांचंसुद्धा एवढं ऐकून घेत नाही." म्हटलं, "मंत्री तुमची चादर धूत नाहीत." तेव्हापासून आमचं जमलं. तुझी बहीण म्हटल्यावर तर त्यांनी मला खुर्ची दिली.

आता रोज काहीतरी निमित्त काढून भांडतात. सगळ्यांना पेन्शन द्यायची तर पैसा कुठून आणायचा, हे त्यांचं पालुपद. म्हटलं, शाईवर कर लावा.

लाँड्रीचं सगळं विचारतात. गाठोड्यांचं सांगितलं तर फार मजा वाटली त्यांना. तुला माहीत आहेच, प्रत्येक खोलीच्या चादरी वेगळ्या गाठोड्यात खाली येतात, कोपऱ्यावर खोलीचा नंबर छापलेला. साध्या गाठोड्याला एक गाठ. माणूस गेला असेल तर दोन, म्हणजे ती चादर आम्ही वेगळ्या हौदात उकळायची. कुणी तोंडाने बोलत नाही. गाठ बघायची आणि समजायचं. कधीकधी नातेवाइकांच्या आधी आम्हाला कळतं. ते हसून म्हणाले, "चला, मी गेलो तर निदान लाँड्रीला तरी खरं कळेल. आमचे लोक मतदान होईपर्यंत तोंड उघडणार नाहीत." म्हटलं, आजारी माणसाने असलं बोलू नये. मतदानाचा आणि याचा काय संबंध, ते काही मला कळलं नाही.

तुमच्याकडे काय चाललंय ते कळव. बायका मला रोज विचारतात, जसं काही विधेयक मीच मांडलंय.

आक्का


२ मार्च

प्रिय आक्का,

चर्चा सुरू झाली आहे. मंत्रिमहोदय "सर्व बाबींचा साकल्याने विचार करून" या वाक्याने सुरू करतात आणि त्याच वाक्यावर येऊन थांबतात. मधल्या वेळात निम्मं सभागृह चहाला जाऊन येतं. काल समोरचा एक गृहस्थ म्हणाला, कंत्राटी कामगार बायका हे काम जोडधंदा म्हणून करतात, घर नवऱ्याच्या पगारावर चालतं. मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "पुढे सरका!" बसची सवय. कामकाजाच्या वृत्तांतात ते तसंच छापून आलंय, त्यापुढे कंसात "गोंधळ".

नंतर रीतसर बोललो. तुझं नाव न घेता तुझंच सांगितलं. कागदावर पुन्हापुन्हा जन्माला येणारी बाई म्हटल्यावर हशा झाला. समोरच्या बाकावरच्या एका बाई पटल्यासारखी मान हलवत होत्या. मात्र त्या मत कुणाला देणार हे त्यांचा प्रतोद ठरवतो. कुणी कुठे बसायचं, कधी हात वर करायचा, हे हाकणारा माणूस म्हणजे प्रतोद.

छत्रीवाल्यांची तब्येत कशी आहे? कधी सोडतील, डॉक्टर काही बोलले का? शक्य तितकं नेमकं विचारून कळव.

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

आता कळलं, तुला त्यांच्या तब्येतीची एवढी पडलीय ती का.

पेपरात विधेयकाच्या पहिल्या मतदानाची नावं छापून आली. मुकादमिणीने मोठ्याने वाचली. तुझं नाव येणार म्हणून सगळ्या जणी हातातलं टाकून उभ्या. नाव आलंच नाही. ना या बाजूला, ना त्या बाजूला. मी म्हटलं, छपाईत राहिलं असेल. मग वर जाऊन छत्रीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या भावाने सांगितलं नाही? आमची जोडी आहे." "मी इथे पलंगावर आहे तोवर तो तिथे मत देणार नाही. माझं एक कमी झालं, तुमच्याकडचंही एक कमी, हिशेब बरोबर."

म्हणजे तू भाषणं करणार, टेबल बडवणार, माझ्या जिवावर हशा पिकवणार, आणि हात वर करायची वेळ आली की बाहेर जाऊन चहा पिणार. वा रे पठ्ठ्या! "तू काळजी करू नकोस" असं लिहिलंस तेव्हा तुला हे माहीत होतं.

इथे लाँड्रीभर बायका तुझ्या एका मताकडे डोळे लावून बसल्यात. मी त्यांना काय सांगू?

आक्का


१४ मार्च

आक्का,

लपवलं, हे खरं. तुला कळलं की तू असंच पत्र लिहिणार हे माहीत होतं म्हणून लपवलं.

त्या दिवशी ते जिन्यात बसले तेव्हा ओठ निळे पडले होते. तरी दवाखान्यात जायला तयार होईनात. त्यांच्या पक्षाला एकेक मत हवं होतं. म्हणाले, "मतदान झालं की जाईन." मतदान व्हायच्या आधी ते जिन्यातच गेले असते. मी म्हटलं, जा तुम्ही, परत येईपर्यंत मीही मत देत नाही. मोठा विचार करून नाही बोललो. समोर माणूस घामाघूम बसलाय आणि दुसरं काही सुचेना. दोन्ही प्रतोदांनी नोंद करून घेतली. अशा जोड्या इथे नेहमी लागतात, लिखित नियम नाही, सही नाही. दिलेल्या शब्दावर चालतं. मोडलं तर शिक्षा काही नाही, पण त्या माणसाला मग पुन्हा कुणी विचारत नाही.

मला इथे कोण विचारतं आक्का? शिक्षण बेताचं, कोट उसना. माझं बोलणं ऐकतात ते एवढ्यासाठी, की कंडक्टर बोलतो तसं वागतो. तेही घालवलं तर मी इथे काय करायचं, तिकिटं फाडायची?

मतदान चोवीस तारखेला आहे. दोघं-तिघं सरकारविरुद्ध गेले तर दुरुस्ती माझ्याशिवायही होईल. नाही झाली तर मी आहे. माडीवरचं सामान हलवू.

धाकटा


१९ मार्च

धाकट्या,

राग गेलेला नाही, पण तू काय म्हणतोस ते समजलं. घामाघूम माणूस बघून तू दुसरं काही केलं असतंस तर मीच तुझा कान धरला असता. म्हणून तर जास्त चिडचिड होते, शिव्या तरी कुणाला घालू? बायकांना सांगितलं, तो आजारी होता म्हणून नाव नव्हतं. बिचाऱ्यांनी तुझ्यासाठी काढे सुचवलेत.

तुझं पत्र छत्रीवाल्यांना वाचून दाखवलं. ओठ निळे पडल्याचं ऐकून म्हणाले, "अतिशयोक्ती." संध्याकाळी त्यांनी राजधानीला फोन लावला. आवाज जिन्यापर्यंत येत होता. जोडी सोडा, त्या कंडक्टरला मोकळं करा, मी आजारी पडलो यात त्याचा काय दोष, असं बराच वेळ चाललं होतं. पलीकडून काय सांगितलं कोण जाणे, यांनी फोन आपटला. प्रतोद म्हणे म्हणाला, "तुम्ही आराम करा, तुमचा आराम आम्हाला फार उपयोगी पडतोय."

मला म्हणाले, "बाई, मी तिथे असतो तर तुमच्या विरोधातच मत दिलं असतं. उभं राहून दिलं असतं. पण पलंगावर पडून जिंकायचं, हे मला जमत नाही." म्हटलं, न जमून सांगता कुणाला.

उद्यापासून मतदान होईपर्यंत त्यांना कुणी भेटायचं नाही, अशी पाटी दारावर लागणार आहे. त्यांनीच डॉक्टरांना सांगून लावून घेतली. पाटी माझ्यासाठीसुद्धा आहे, हेही सांगितलं. रागावले वाटतं.

आक्का


२५ मार्च

आक्का,

काल मतदानाची घंटा वाजली तेव्हा मी बाहेर निघालो होतो. दारातच शिपायाने चिठ्ठी दिली. फोनवरून घेतलेला निरोप: "तेरा नंबर. दोन गाठी. आक्का."

मी जागेवरच थांबलो. त्यांच्या प्रतोदाला गाठून विचारलं, छत्रीवाले कसे आहेत? तो म्हणाला, "ठणठणीत. का हो?" त्याचं ते "का हो" मला आवडलं नाही. वाटलं, लपवताहेत. माणूस गेला म्हणजे जोडी सुटली. मी आत गेलो आणि दुरुस्तीच्या बाजूने हात वर केला.

दुरुस्ती एका मताने मंजूर झाली. बरोबरी झाली असती तर अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विरोधात मत टाकलं असतं. तेव्हा ते मत माझं, याबद्दल कुणालाच शंका नाही.

समोरून एकच ओरडा झाला, शब्द मोडला, शब्द मोडला. मी उभा राहून सांगितलं, ज्यांना शब्द दिला होता ते आज सकाळी गेले, आणि तुम्ही ते दडवून ठेवलंत. प्रतोद बाहेर गेला, दवाखान्यात फोन लावून परत आला, आणि म्हणाला, "ते पलंगावर बसून पेपर वाचताहेत. आपल्याला नमस्कार सांगितलाय." काय हसले लोक! आमचेसुद्धा हसले.

तुम्हाला पेन्शन मिळणार, हे आता पक्कं. बायकांना सांग. पण आज समोरच्या बाकावरचं कुणी माझ्याकडे बघत नाही. आमच्यातले खांद्यावर थाप मारतात, ते जास्त लागतं. त्यांना वाटतं, मी हे ठरवून केलं. जिवंत माणसाला भर सभागृहात मारलं आणि मत साधलं, काय डोकं आहे कंडक्टरचं! एकाने तर डोळा मारला.

एकच विचारतो. सरळ उत्तर दे. गाठी खरंच दोन होत्या का? की तुला पेन्शन हवी होती?

धाकटा


२९ मार्च

गाठी दोन होत्या.

गाठोडं चोवीस तारखेला सकाळी उतरलं. कोपऱ्यावर तेरा, आणि चादरीवर शाई. वर जाऊन बघावं तर दारावर पाटी, आणि दाराशी त्यांच्या पक्षाचे दोन तगडे लोक उभे. विचारलं तर म्हणाले, "साहेब ठीक आहेत, जा तुम्ही." तोंडं अशी लांबलेली, की मला खात्रीच पटली. समोरच्या औषधाच्या दुकानातून फोन केला. रडत केला, माणसाची सवय झाली होती म्हणून.

तू मला हे विचारलंस. ठीक आहे. इथे बायका नाचल्या, मुकादमिणीने सगळ्यांना बिस्किटं वाटली, आणि मी तुझं पत्र कमरेला खोचून रोलरसमोर उभी होते.

आक्का


७ एप्रिल

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. मी रागावले असले तरी हे लिहिणं भाग आहे.

पाटी काढल्यावर वर गेले. म्हटलं, आधी त्या मजल्यावरच्या आयाला धरते, जिवंत माणसाच्या चादरीला दोन गाठी मारते म्हणजे काय! ती म्हणाली, "मी नाही बांधलं. त्या दिवशी गाठोडं साहेबांनीच बांधलं. म्हणाले, हात चालतात का बघू." मी तशीच तेरा नंबरमध्ये गेले. ते लिहीत बसले होते. चादरीवर शाई.

म्हटलं, "दोन गाठी तुम्ही मारल्यात."

म्हणाले, "एक मारली. ती सुटेल असं वाटलं म्हणून दुसरी मारली." आणि इतक्या सरळ तोंडाने म्हणाले, की मला हसावं का मारावं कळेना.

मग मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, माझ्या भावाचं नाव मातीत गेलं, त्याचं काय? तेव्हा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाटलं होतं, तू गुपचूप मत देशील, मागाहून ते जिवंत निघाले की सगळे म्हणतील निरोपात घोटाळा झाला. तू उभा राहून त्यांचं मरण जाहीर करशील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "एवढा खरा माणूस असेल असं वाटलं नव्हतं," म्हणाले. नंतर म्हणाले, "तुम्हाला सांगायचं असेल तर सगळ्यांना सांगा. मी नाकारणार नाही." पण सांगितलं तर त्यांचा पक्ष त्यांना दाराबाहेर काढणार, हे मलाही कळतं. सगळं आयुष्य त्या एका बाकावर गेलंय त्यांचं. दुरुस्तीबद्दल विचारलं तर अजून म्हणतात, चुकीची आहे, तिजोरी बसणार.

तेव्हा आता तू ठरव. तू म्हणशील तसं करीन.

आणि एक. जन्मभर मी गाठी सोडत आलेय. ती गाठ आयाच्या हातची नव्हती, सैल होती, आजारी हातांची होती. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसलंही असेल. मी थांबले नाही, दुकानाकडे पळाले. तू विचारलंस ना, मला पेन्शन हवी होती का? हवी होती रे.

आक्का


१३ एप्रिल

प्रिय आक्का,

मी तुला जे विचारलं ते विचारायला नको होतं. चुकलो. तुझ्या शेवटच्या ओळी वाचून आणखी चुकल्यासारखं वाटलं.

कुणाला काही सांगू नकोस. दोन दिवस विचार केला. सांगितलं तर मी सुटतो आणि ते अडकतात, आणि माझं अडकलेलं मत त्यांनीच मला परत मिळवून दिलं हे कसं विसरू? शिवाय कोण विश्वास ठेवणार? शब्द मोडणारा कंडक्टर म्हणतो, म्हाताऱ्याने स्वतःच स्वतःच्या मरणाची गाठ मारली. मलाच खोटं वाटलं असतं.

इथे ठीक आहे. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर जागा भरपूर असते. वृत्तांतात माझं ते वाक्य छापून आलंय, "ते आज सकाळी गेले," आणि पुढे कंसात "हशा". कायमचं आहे ते आता. त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तिजोरी अजून बसलेली नाही.

विधेयक सहीसाठी गेलं आहे. तुझी सगळी वर्षं धरली जातील, पहिल्या कंत्राटदारापासून.

धाकटा


१६ मे

धाकट्या,

आज सकाळी तेरा नंबरचं गाठोडं आलं. दोन गाठी.

मी मुकादमिणीला म्हटलं, थांब, हौदात टाकू नकोस. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला परत काहीतरी सुचलं असणार. हसतच जिना चढले. तोंडावर काय फेकायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. खोलीत पलंग उघडा होता, गादी गुंडाळलेली. खिडकी उघडी. आया फरशी पुसत होती. छत्री दांड्यालाच राहिली होती.

रात्री झोपेत गेले म्हणे. कालच मला विचारत होते, पेन्शनचा कागद आला का. म्हटलं, आला. म्हणाले, "माझा विरोध नोंदवून ठेवा."

खाली येऊन गाठी मी सोडल्या. घट्ट होत्या. शाईचा डाग होता, तो मी फार घासला नाही.

तुम्ही सभागृहात त्यांच्यासाठी उभे राहाल तेव्हा नीट उभा राहा. टेबल धरू नकोस.

आक्का


२ जून

प्रिय आक्का,

काल शोकप्रस्ताव झाला. त्यांच्या जागेशेजारच्या खुर्चीवर कुणीतरी त्यांची छत्री आणून ठेवली होती. मी बोलायला उभा राहिल्यावर समोरून एकजण म्हणाला, "आज नक्की ना?" थोडे हसले. अध्यक्षांनी घंटी वाजवली. मी एवढंच बोललो, की मी त्यांना दिलेला शब्द मोडला, आणि त्यांनी मला त्याचा जाब कधी विचारला नाही. खाली बसलो. टेबल धरलं नव्हतं. कोट नवा होता, माझाच.

बाहेर आलो तर जिन्यात समोरच्या पक्षाच्या त्या बाई उभ्या होत्या. मागे मान हलवत होत्या म्हणून लिहिलं होतं ना, त्याच. मार्चपासून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, आईचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस जायला हवं, आणि पुढच्या आठवड्यात मतदान. तुम्ही माझ्याशी जोडी लावाल का?

मी म्हटलं, "बाई, मी शब्द पाळत नाही असं सगळं सभागृह म्हणतं. तुम्हीही म्हणालात."

त्या म्हणाल्या, "म्हटलं होतं. पण मी छत्रीवाले काकांना भेटायला गेले होते, एप्रिलमध्ये. ते म्हणाले, कधी नड आली तर त्या कंडक्टरकडे जा, दुसऱ्या कुणाकडे जाऊ नकोस. मी कारण विचारलं, तर म्हणाले, कारण लाँड्रीत आहे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि शब्द दिला.

त्यांची आई कुठल्या दवाखान्यात आहे, ते मी मुद्दाम विचारलं नाही.

धाकटा